पेटी क्रमांक दोन

पेटीत नऊ पितळी वजनं होती: शंभर ग्रॅमचं एक, पन्नासचं एक, विसाची दोन, दहाचं एक, पाचाचं एक, दोनाची दोन आणि एकाचं एक. काचेच्या पट्टीखाली मिलिग्रॅमच्या पत्र्याचे सात तुकडे होते. खाचा आठ होत्या, त्यातली एक रिकामी. टोकं न जुळणारा एक चिमटा. निळ्या मखमलीवर शाईचा एक डाग, आणि झाकणाच्या आत पांढऱ्या रंगाने काढलेला दोनचा आकडा, शेपटी उगाच लांब ओढलेला. तिने हे सगळं आवक कागदावर लिहून घेतलं. आलेली वस्तू आधी मोजायची, मग तिला हात लावायचा, असा त्या प्रयोगशाळेचा नियम होता आणि तीन वर्षांत तो तिच्या अंगवळणी पडला होता. पाठवणाऱ्याचं नाव शेवटी वाचायचं, ही सवय मात्र तिची स्वतःची. 'बाह्य स्थिती' या रकान्यात ती लिहीत होती: पन्नास ग्रॅमच्या वजनाच्या बोंडावर पकडीच्या दातांच्या खुणा, समोरासमोर, दोन. 'दोन' लिहून होईपर्यंत तिला काहीच वाटलं नाही. मग पेन थांबलं. त्या खुणा तिने केलेल्या होत्या.

खोलीचं तापमान वीस अंश होतं, नेहमीसारखं. दुहेरी दारांमुळे बाहेरचा आवाज येत नव्हता. भिंतीपासून सुटा ठेवलेला दगडी ओटा, त्यावर काचेच्या कपाटांत तराजू, प्रत्येक कपाटाशेजारी एक तापमापक. इथे माणसाने जोरात श्वास सोडला तरी शेवटचा आकडा हलतो, म्हणून सगळे हळू चालत, हळू बोलत, आणि नवीन आलेल्याला पहिले काही दिवस आपण कुणाच्या तरी मयताला आलो आहोत असं वाटत राही. तिला तसं कधी वाटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिला वाटलं होतं की आपण आता बरोबर जागी आलो. मुलाखतीत विभागप्रमुख बाईंनी विचारलं होतं, "एवढं शिकून वजनंच का तपासायची आहेत तुम्हाला?" आणि तिने उत्तर दिलं होतं की सगळ्या विज्ञानाच्या तळाशी कुणीतरी ठेवलेलं एक वजन असतं. बाई खूश झाल्या. उत्तर खोटं नव्हतं, पण ते तिने आदल्या दिवशी आरशासमोर बसवलं होतं. खरं उत्तर या पेटीत होतं आणि तेव्हा ते तिलाही माहीत नव्हतं; किंवा, आता पेन हातात धरून ती स्वतःला दुरुस्त करत होती, माहीत नव्हतं असं नाही, तिकडे पाहिलं नव्हतं.

शाळेची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती आणि तिथे कायम ओल्या लाकडाचा आणि गॅसचा वास असे. चार तराजू, दोन पेट्या. पेट्यांवर आकडे काढले होते ते प्रयोगशाळेच्या भाऊंनी. भाऊ म्हणजे खाकी डगला घालणारा, गुडघा धरून चालणारा माणूस, मुलांनी वजन हाताने उचललं की "अरे, तो काय पेरू आहे का?" म्हणून ओरडणारा. त्यांनीच एकदा सांगितलं होतं की वजन भरीव नसतं. वरचं बोंड फिरवलं की ते उघडतं. आत एक पोकळी असते, तिच्यात शिशाचे मणी घालून कारखान्यात वजन बरोबर करतात. "म्हणजे त्याच्या पोटात काय आहे ते बाहेरून कुणाला कळत नाही," भाऊ म्हणाले होते आणि हसले होते. बाकीच्या मुली ऐकून विसरल्या. तिच्या डोक्यातून ते जाईना. वर्गात, जेवताना, अंथरुणात, तिला ते पोकळ पोट दिसत राही. शेवटच्या परीक्षेच्या आठ दिवस आधी सरावाच्या तासाला भाऊ चहाला गेले आणि तिने खणातली पकड काढली. बोंड घट्ट होतं. दोनदा पकड घसरली, तिसऱ्यांदा फिरलं. तिने वजन तळव्यावर उलटं केलं तेव्हा करडे, मऊ दिसणारे मणी बाहेर आले. सुंदर होते. तेवढ्यात दाराशी पावलं वाजली, तळवा तिरका झाला आणि मणी ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून टेबलाखालच्या फटीत गेले. तिने बोंड परत फिरवून बसवलं आणि वजन खाचेत ठेवलं. आत काही मणी उरले होते, हलवल्यावर खुळखुळत होते. किती पडले ते तिने मोजलं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिने मोजली नव्हती असं आता म्हणता आलं असतं, पण तसं म्हणणं म्हणजे स्वतःला थोडं नटवणं झालं असतं. त्या वयात ती काहीच मोजत नसे. मोजायला ती नंतर लागली.

"काय गं, पुतळा झाला की काय तुझा?" मागून मिलीकाका आले. ते तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. मिलिग्रॅमशिवाय ते बोलत नसत म्हणून हे नाव. भाजीवाल्याच्या तराजूकडे बघायची त्यांना घरून बंदी होती. त्यांनी पेटीत डोकावलं. "शाळेची पेटी. वा. ही म्हणजे पाच मिनिटांचं काम. हलकं असेल त्यात शिसं भर, पुसून घे, दाखला दे. मुलांना काय, तराजू हलला तरी आनंद."

"आल्या स्थितीत मोजायचं नाही?"

"शाळेचं कोण मोजतं? त्यांना आधी किती होतं याच्याशी काय घेणंदेणं? दुरुस्त करून हवं असतं." त्यांनी सहज हातमोजा चढवला आणि पन्नासचं वजन चिमट्याने उचललं. "हे बघ, हे तर कुणीतरी दातांनी उघडलंय. कुठला राक्षस होता कुणास ठाऊक."

ते म्हणत होते त्यात चूक काही नव्हतं. जुन्या शालेय पेट्या अशाच केल्या जात. उपकारासारखं होतं ते. पण एकदा आत नवीन शिसं गेलं की आधीचा आकडा जगातून नाहीसा होणार होता. तो आकडा कुणालाच नको होता. फक्त एका माणसाला हवा असता, आणि त्या माणसाला तो आकडा अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं.

त्या माणसाला शाळेत सगळे धांदू म्हणत. धांदरट म्हणून धांदू. तिच्या हातून परीक्षानळ्या फुटत, दौती सांडत. बाकावरून उठली की बाक तिच्याबरोबर उठे. दोघी पहिलीपासून शेजारी बसत. परीक्षेत प्रत्येकीला काचेचं एक बूच देत आणि त्याचं वजन करायला सांगत. ते बूच सोळा वर्षं तेच होतं. त्याचं वजन बासष्ट पॉइंट चार, हे प्रत्येक मुलीला वरच्या वर्गातल्या मुलीने सांगितलेलं असे. तराजूखालच्या खणाच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीने लिहिलेलंही होतं. त्यामुळे वजन कुणी करत नसे. बासष्ट पॉइंट चार पारड्यात मांडायचं, काटा बघितल्यासारखं करायचं, लिहायचं. तिनेही तेच केलं. पेटी क्रमांक दोन तिच्या वाट्याला आली तेव्हा तिने पन्नास, दहा, दोन आणि पत्र्याचे दोन तुकडे मांडले, आणि काटा बुचाच्या बाजूला झुकला. थोडा नाही, चांगला झुकला. तिने कळ दाबून तराजू मिटला, ६२.४ लिहिलं आणि उठली. तिच्यानंतर त्याच तराजूवर धांदू बसली. धांदूला खणातला आकडा माहीत होता. पण ती म्हणाली होती, "मी एकदा तरी खरं करून बघणार आहे. सगळं आयुष्य काय पाठ करूनच काढायचं?"

त्या दिवशी धांदूच्या हातून काहीही फुटलं नाही. तिने लिहिलं ६३.३. परीक्षक म्हणाले, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं. मग शाळेच्या सरांनी पाठीशी उभं राहून करायला लावलं. "सगळ्यांचं एक येतं, तुझंच कसं वेगळं येतं? हात आहेत की मुसळं?" सर म्हणाले आणि पाठीमागच्या मुली हसल्या. तीही हसली असावी. हे तिला नक्की आठवत नव्हतं आणि ते नक्की न आठवणं तिला बारा वर्षं त्रास देत होतं. धांदूला त्या प्रयोगाचे दहापैकी शून्य मिळाले. विज्ञान शाखेच्या प्रवेशाची यादी लागली तेव्हा शेवटच्या नावाला तिच्यापेक्षा तीन गुण जास्त होते. "राहू दे," धांदू म्हणाली होती. "माझा हातच जड आहे. उद्या आम्ल सांडून कुणाला तरी भाजलं असतं." असं म्हणून ती एवढी हसली की सगळ्यांना वाटलं, हिला काही लागलं नाही.

मग कॉलेज. भौतिकशास्त्र, काळी फळी, अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचे पट्टे. तिथे ती मोजायला लागली. पहिल्या वर्षी जिन्याच्या पायऱ्या, मग वहीचे समास, मग स्वतःची नाडी. शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पात तिचं उत्तर पुस्तकातल्या उत्तरापेक्षा चार टक्क्यांनी वेगळं आलं. मार्गदर्शक म्हणाले, "जरा बघून घे, दोन आकडे मागेपुढे कर, कोण तपासायला येतंय?" ती म्हणाली, नाही. गुण कमी मिळाले, पण ही गोष्ट घरी इतक्या वेळा सांगितली गेली की ती तिच्या नावाला चिकटली. आई आल्यागेल्याला सांगायची, "आमची कन्या जीव देईल, पण आकडा इकडचा तिकडे करणार नाही." एकदा आई हे सांगत असताना धांदू स्टुलावर उभी राहून भिंतीत खिळा ठोकत होती. धांदूचं आता फ्रेमचं दुकान होतं, काच कापायची, लाकूड कापायचं, चौकटी जुळवायच्या. मैत्रिणीच्या पदवीच्या कागदाला तिनेच फ्रेम केली होती आणि स्वतः लावायला आली होती. तोंडात दुसरा खिळा धरून ती म्हणाली, "हो ना काकू. तिचा हात हलका." पुढे एका रविवारी आई बाहेर गेली असताना तिने पट्टी घेऊन त्या फ्रेमचे चारही समास मोजले होते. कुठेही अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. तिने पट्टी खणात ठेवली, आणि त्यानंतर भिंतीच्या त्या बाजूला पाठ करून जेवायला बसायची सवय तिला कधी लागली ते कळलं नाही.

"काका, ते ठेवा खाली," ती म्हणाली.

"काय झालं?"

"शिसं नका भरू. आल्या स्थितीत मोजायला हवं. आणि मी नाही मोजू शकत, तुम्ही मोजा. माझा संबंध आहे."

कामाच्या प्रत्येक कागदाला एक पत्रक जोडलेलं असे: या वस्तूशी आपला काही संबंध आहे काय? रोज सगळे तिथे 'नाही' लिहीत. तीन वर्षांत तिने हजारभर वेळा 'नाही' लिहिलं असेल. मिलीकाकांनी आवक कागदावरचं शाळेचं नाव वाचलं. "अगं, तुझी शाळा होय? एवढंच ना? शाळा तर सगळ्यांचीच कुठली ना कुठली असते."

"तो राक्षस मी आहे."

मग तिने सांगितलं. हळू आवाजात, कारण खोलीच तशी होती. मणी, फट, बूच, बासष्ट पॉइंट चार. मिलीकाका आधी हसले, मग हसायचे थांबले. बुचाचं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे बारा वर्षं हे वजन चुकीचं आहे आणि एकाही पोराला कळलं नाही?"

"कुणी वजन करतच नाही ना."

"तुझ्या त्या मैत्रिणीने केलं."

"हो."

"सोमवारी तुझी सहीच्या अधिकाराची मुलाखत आहे," ते म्हणाले. "दाखल्यावर तुझी सही चालायला लागेल. तिथे बाई ही पत्रकं चाळतात, मला माहीत आहे. नुसतं 'माजी विद्यार्थिनी' लिहिलंस तरी भागेल. खोटं होणार नाही."

ते खरंच होतं. खोटं झालं नसतं. तिने पेन उचललं. पारड्यात बासष्ट पॉइंट चार मांडलेले तिला दिसत होते, आणि तराजू मिटायची ती पितळी कळ, तिचा गारपणा अंगठ्याला आठवत होता. तिने लिहिलं: 'होय. शाळेत असताना या पेटीतलं पन्नास ग्रॅमचं वजन मी उघडलं. आतलं शिसं माझ्याकडून सांडलं. कुणाला सांगितलं नाही.' मिलीकाकांनी वाचलं आणि मान डोलावली, कुणाचं तरी हस्ताक्षर चांगलं आहे म्हणतात तशी. नऊ वजनं त्यांनी धातूच्या पाटावर ओळीने ठेवली. बाहेरून आलेल्या वजनाला खोलीचं तापमान पूर्ण घ्यायला एक दिवस लागतो. उद्या सकाळी मोजायचं.

जेवणाच्या सुट्टीत ती इमारतीच्या मागच्या पायरीवर बसली आणि तिने फोन लावला.

"बोला शास्त्रज्ञबाई. कामाच्या वेळेत फोन? कुणी गेलं का?"

"नाही गं. एक विचारायचं होतं. शाळेत त्या बुचाचं तुझं वजन किती आलं होतं?"

पलीकडे काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "त्रेसष्ट पॉइंट तीन. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. का?"

"ती पेटी आलीय माझ्याकडे, तपासायला. त्यातलं पन्नासचं वजन हलकं असणार. मी ते परीक्षेच्या आधी उघडलं होतं. आतलं शिसं सांडलं माझ्याकडून."

मग धांदूने विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"किती हलकं आहे ते अजून मोजलं नाहीये."

"मी ते विचारलं नाही."

पायरीवर एक मुंगी तिच्या बुटाला वळसा घालून चालली होती. "त्याच दिवसापासून," ती म्हणाली. "म्हणजे शंका होती. माझाही काटा झुकला होता."

"आणि तू काय केलंस?"

"मिटला."

"बरं." धांदूचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर सोपं गेलं असतं. "लग्नाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, पुढे का नाही शिकलीस. मी सांगितलं, हात जड आहे. दुकानात पहिल्या वर्षी प्रत्येक काच कापायच्या आधी मी दोनदा हात धुवायचे, माहीत आहे? वेड्यासारखी. नवरा म्हणायचा, पूजा मांडलीस का." ती थांबली. "कधी कळेल नक्की किती ते?"

"उद्या सकाळी. वजन गार व्हावं लागतं."

"मग उद्या आकडा सांग. नुसता आकडा. पॉइंट नऊ असेल तर तसं सांग, नसेल तर तसं सांग. त्याला लोणी लावायचं नाही, रडायचं नाही. बाकी तुझ्याशी बोलायचं की नाही ते मी नंतर बघते. ठेवते, गिऱ्हाईक आलंय."

संध्याकाळी ती चालत घरी गेली. पदपथाच्या फरशा मोजायच्या नाहीत असं ठरवलं, आणि दोनशे चाळीसपर्यंत मोजल्यावर ते तिच्या लक्षात आलं. उद्या काय यावं अशी आपली इच्छा आहे, हे ती पाहत होती. सवयीप्रमाणे, एखाद्या मोजमापात स्वतःचा कल कुठे शिरतो ते पाहावं तसं. पॉइंट नऊ आलं तर धांदूचा हात बारा वर्षांपूर्वीही बरोबर होता आणि चूक सगळी हिची. पॉइंट दोन आलं तर सांडलं ते थोडंच, बाकीचं धांदूच्या धांदरटपणाचं. मग हिचा भार हलका, आणि धांदूच्या हातात जे होतं तेही गेलं. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली ती थांबली. पॉइंट दोन यावं असं तिला वाटत होतं. फार नाही, पण वाटत होतं; काटा किंचित झुकावा तेवढं. ती तिथे उभी राहून ते बघत राहिली, कळ न दाबता. बाजूने एक बाई मुलाला ओढत घेऊन गेली. मूल मागे वळून तिच्याकडे बघत होतं. मग ती घरी गेली, जेवली, आणि आईने "आज इकडे तोंड करून बसलीस गं?" म्हटलं तेव्हा तिने मान वर केली. समोर फ्रेम होती.

सकाळी खोली वीस अंशावर होती. संबंध असलेल्या माणसाने तराजूजवळ थांबायचं नाही, म्हणून ती दोन दारांच्या मधल्या बोळात, काचेआड उभी राहिली. मिलीकाकांनी हातमोजे चढवले आणि आधी प्रयोगशाळेचं प्रमाण वजन ठेवलं. मग शाळेचं, पुन्हा शाळेचं, पुन्हा प्रमाण. नवीन आलेल्यांना ते हा क्रम ओवीसारखा म्हणायला लावत: आपलं, त्यांचं, त्यांचं, आपलं. त्यांची पाठ तिच्याकडे होती. दर वेळी कपाटाचं दार सरकलं की ते एक पाऊल मागे सरत आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात मागे बांधून उभे राहत. असं त्यांनी तीनदा केलं. एका शालेय वजनाला एकदाच पुरतं. तिला ते माहीत होतं आणि त्यांनाही.

काचेपाशी येऊन त्यांनी कागद तिच्या हातात दिला नाही, आतूनच काचेला टेकवून धरला. "वाच," ते म्हणाले. तिने वाचलं, मग खिशातून फोन काढला आणि कागदाकडे बघत एकेक आकडा टाइप केला. पाठवण्यापूर्वी ताडून पाहिला.

'पहिल्यांदा ४९.१०२. दुसऱ्यांदा ४९.१०२. तिसऱ्यांदा ४९.१०३. हवं होतं ५०. कमी आहे ०.८९८ ग्रॅम.'